भोंगा गेला कुठे?

तो आला तेव्हा मी टेबलाखाली होते.

नुकतेच एक आजोबा कानातलं यंत्र बदलून गेले होते आणि त्यांचं जुनं यंत्र माझ्या हातून निसटून कुठेतरी घरंगळलं होतं. वाटाण्याएवढी वस्तू, त्यात रंग फरशीचाच. मी गुडघ्यांवर बसून चाचपडत होते, तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "कपाटामागे बघा. डाव्या कोपऱ्यात."

"काय?"

"काहीतरी शिट्टी वाजतेय तिथे. बारीक... डासासारखी."

मी कान दिला. मला तर काहीच ऐकू येईना. तो आत आला, खाली बसला, कपाटामागे हात घातला आणि यंत्र बाहेर काढलं. ते घ्यायला मी पुढे झाले आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली.

"लागलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मला लागलं," कपाळ चोळत तो म्हणाला.

यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं, म्हणून ती शिट्टी. मी उठले, ओढणी झटकली, खुर्चीत बसले आणि चेहऱ्यावर कामाचे भाव आणले. आमच्याकडे तरुण माणसं येतात ती आईला नाहीतर सासऱ्यांना घेऊन. मी त्याच्यामागे बघितलं. कुणी नव्हतं.

"कुणाला तपासायचंय?"

"मला," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

मी हसले. तो हसला नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. तो आधी शाळेत भूगोल शिकवायचा. नकाशे शिकवून शिकवून एक दिवस त्याला वाटलं, हे खरंच असं दिसतं का ते वर जाऊन बघावं. नोकरी सोडली आणि विमान चालवायला शिकू लागला. सगळं ठीक चाललं होतं. मग त्याला नवं विमान दिलं, ज्याची चाकं उडाल्यावर पोटात घ्यायची असतात आणि उतरायच्या आधी खाली काढायची असतात.

"ती काढायला मी विसरलो," तो म्हणाला. "विसरलं तरी चालतं तसं. कारण चाकं आत असताना उतरायला निघालं की विमानात भोंगा वाजतो. असा डोक्याशेजारी. आमच्या कॅप्टनबाई म्हणतात, मेलेला माणूस उठून बसेल असा वाजत होता."

"आणि तुम्हाला?"

"मला शांतता होती. मला आठवतेय ती शांतता. शेवटी बाईंनी विमान माझ्या हातातून घेतलं आणि वर नेलं. खाली आल्यावर म्हणाल्या, आधी कान तपासून ये. कानात दोष निघाला तर घरी जायचं."

"आणि नाही निघाला तर?"

"तर दोष डोक्यात आहे, म्हणाल्या. मग तर घरी जायलाच हवं."

मी त्याला काचेच्या खोलीत बसवलं. जाड दार, भिंतींना स्पंज, कानांवर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असो." त्याने डोळे मिटले. मी आवाज कमी करत गेले, तो दाबत गेला. आणखी कमी, तरी दाबतोय. माझं यंत्र ज्याच्या खाली जात नाही, तिथवर येऊनही तो दाबतच होता.

"कान उत्तम आहेत," बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं. "इतके चांगले की शेजाऱ्यांनी जपून बोलावं."

असं सांगितलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो. याचे खांदे मात्र उतरले. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"मग भोंगा गेला कुठे?"

त्याला कदाचित उत्तर नको होतं. पण तो प्रश्न काही माझी पाठ सोडेना. कान ठणठणीत, आवाज कर्कश, आणि माणूस जागा. मग मधल्या मध्ये आवाज गेला कुठे?

"अगं, भाजीत दोनदा मीठ घातलंस," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडेच राहते. "लक्ष कुठे आहे?"

मी तिला भोंग्याची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"दिसायला कसा आहे?"

"कोण, भोंगा?"

"तो बहिरा."

"आत्या, तो बहिरा नाही. तीच तर गंमत आहे."

"बरं," आत्या म्हणाली आणि आमटीत पाणी घालायला उठली. पाठमोरी हसत होती, खांदे हलत होते.

मी त्याला फोन केला. पुन्हा या म्हटलं, एक प्रयोग करून बघायचाय... शास्त्रासाठी.

"शास्त्रासाठी येतो," तो म्हणाला.

मी एका मित्राकडून विमान उतरवण्याचा संगणकावरचा खेळ मागून आणला होता. काचेच्या खोलीत त्याला खेळायला बसवलं, कानांवर हेडफोन, पायाखाली बटण. आधी स्वच्छ आकाश दिलं. तो विमान उतरवत होता आणि प्रत्येक आवाजाला पाय दाबत होता. मग मी वारा दिला, धुकं दिलं, इंधन संपत आणलं. बटणं चुकू लागली. आधी बारीक आवाजांना, मग मोठ्यांनाही. मी आवाज वाढवत नेला. काही नाही. काचेतून तो मला अगदी जवळ दिसत होता, ओठ घट्ट, पापणी लवत नाही, खांदे वर चढून कानांना टेकायच्या बेतात.

मला गंमत सुचली. मी माइकमध्ये म्हटलं, "तुमच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात आहे."

काही नाही.

"आणि कपाळावरचं टेंगूळ तुम्हाला शोभतं."

तरी काही नाही. त्याचं विमान धडपडत उतरलं, त्याने मोठा श्वास सोडला, तेव्हा मी तेच पहिलं वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटलं. त्याने लगेच खाली शर्टाकडे बघितलं आणि लाजला.

"हे मघाशीही सांगितलं होतं," मी म्हटलं.

"खरंच?"

"शपथ. आवाज तुमच्या कानापर्यंत येतोय. पण आत दार उघडायला कुणी नाहीये. घरातली सगळी माणसं खिडकीशी गर्दी करून धावपट्टी बघतायत, मग कडी वाजवणाऱ्याने किती वाजवायची?"

त्याने शर्टाचं बटण नीट लावलं. "म्हणजे मी वेडा नाही."

"त्याची तपासणी आमच्याकडे होत नाही."

"मघाशी आणखी काय काय बोललात? मला ऐकू आलं नाही तेव्हा?"

"बरंच."

"उदाहरणार्थ?"

"शास्त्राच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात," मी म्हटलं आणि वायरी गुंडाळू लागले. उगाचच गुंडाळत होते... त्या नीटच होत्या.

पुढच्या रविवारी मी फ्लाइंग क्लबात गेले. शहराबाहेर मोकळं माळरान, एक धावपट्टी, विमानं ठेवायचं पत्र्याचं हँगर आणि खांबावर फडफडणारा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा. कॅप्टनबाई उंचीने माझ्या खांद्याइतक्या, केस बारीक कापलेले, आवाज मात्र धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा.

"तू ती कानवाली का?" त्या म्हणाल्या. "बस मागे. तोंड बंद ठेवायचं."

मागच्या सीटवरून मला त्याची मान आणि कान दिसत होते. सकाळची हवा दुधासारखी स्थिर होती. बाई त्याला मुद्दाम छळत होत्या. वारा कुठून आहे सांग, उंची सांग, हे विमान बंद पडलं तर कुठे उतरशील सांग. तो उत्तरं देत गेला, आणि हळूहळू त्याची उत्तरं आखूड झाली. कान लाल झाले. धावपट्टी समोर आली, आणि भोंगा वाजला.

देवा, काय तो आवाज. माझ्या दातांत शिरला. मी ओरडणारच होते, तर बाईंनी मागे न बघता हात वर केला. तो पुढे बघत राहिला, अगदी शांत, जणू वाचनालयात बसलाय. धावपट्टी मोठी होत गेली. बाईंनी विमान हातात घेतलं.

खाली उतरल्यावर तो पंखाच्या सावलीत बसला. "धावपट्टी गटाराएवढी दिसत होती," तो म्हणाला. "आजूबाजूला काहीच नव्हतं. नुसतं एक गटार, आणि त्यात मला जायचंय."

"ताण आला की आधी नजर आक्रसते," बाई मला म्हणाल्या, "मग कान जातात, मग अक्कल. सगळ्यांचं होतं. सरावाने सुटतं बहुतेकांचं. याचं सुटत नाहीये, आणि परीक्षा तोंडावर आलीय. तोवर सुटलं नाही तर मी याला परीक्षेला बसवणार नाही. भूगोल वाईट नाही."

त्याने मान खाली घातली. मला इतकं वाईट वाटलं की तोंड बंद ठेवायचंय हे मी विसरले.

"ते जायच्या आधी कळतं," मी म्हटलं. "खोलीतही बघितलंय, आजही. त्यांचे खांदे वर जातात आणि श्वास थांबतो. मग ऐकू येणं बंद होतं. भोंगा ऐकायला शिकवून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो. खांदे त्यांना स्वतःला कळले पाहिजेत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "खांदे," त्या म्हणाल्या, जणू चव बघत होत्या. "बरं. बघू."

मग आमचा दिनक्रमच ठरला. सकाळी तो बाईंबरोबर उडायचा. प्रत्येक काम तोंडाने मोठ्याने बोलून आणि हाताने शिवून करायचा, आणि खांदे चढले की बाई त्यावर चापट मारायच्या. संध्याकाळी माझं काम संपलं की काचेच्या खोलीत धुकं, वारा आणि वादळं. खांदे चढले की श्वास लांब सोडायचा आणि नजर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे न्यायची, एवढंच. मी काचेपलीकडून सांगत राहायचे. "खांदे सोडा. खांदे..." बहुतेक वेळा माझं बोलणं वाया जायचं. तो बाहेर येऊन म्हणायचा, "आज बोललात का काही?" आणि मी म्हणायचे, "सगळं महत्त्वाचं आजच बोलले, नेमकं."

एका संध्याकाळी बाहेर पावसाची भुरभुर होती आणि आत मी त्याला आजवरचं सगळ्यात दाट धुकं दिलं होतं. त्याचा श्वास थांबलेला मला काचेतून दिसला. दिवसभराने मीही थकले होते. माइकमध्ये नकळत म्हणून गेले, "खांदे सोड ना रे..."

त्याचे खांदे खाली आले. श्वास सुटला. पुढचा आवाज आला, त्याचा पाय दाबला गेला. त्याच्या पुढचाही. विमान धुक्यातून अलगद उतरलं. त्याने हेडफोन काढले नाहीत. काचेतून माझ्याकडे बघत म्हणाला, "सोडा की सोड?"

"काय?"

"इतके दिवस 'सोडा' होतं."

"तुम्हाला... तुला ऐकू आलं?"

"आलं," तो म्हणाला. "भर धुक्यात ऐकू आलेली पहिली गोष्ट."

मी माइक बंद केला आणि मग लक्षात आलं, दिवे बंद करायचे होते.

पुढच्या आठवड्यात, भर उड्डाणात, त्याला भोंगा ऐकू आला. बाईंनीच चाकांचा खटका ऐन वेळी गुपचूप वर केला होता. त्याने मला धावपट्टीवरूनच फोन केला. "अगं, केवढा कर्कश आहे तो," तो म्हणाला, नुकतीच सतार ऐकल्यासारखा. परीक्षक आला, त्याच्याबरोबर उडाला आणि खाली उतरून त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, ठीक आहे. परवाना मिळाला.

"पहिली प्रवासी तू," तो मला म्हणाला. "वरून नदी दाखवतो."

मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, पण मला उंचीची भीती वाटते. बाईंच्या मागे बसले होते तेव्हा सकाळ होती, हवा स्थिर होती आणि मी त्याच्या कानांकडे बघण्यात गुंतले होते. या वेळी आम्ही भर दुपारी निघालो. जमीन तापली होती, गरम हवा वर उसळत होती आणि विमान रिकाम्या टेम्पोसारखं खडखडत होतं. मी त्याच्या शेजारी बसले, पट्टा घट्ट धरला आणि हसरा चेहरा करून ठेवला. उतरेपर्यंत तो तसाच होता, असं मला वाटतं.

खाली आल्यावर मी म्हटलं, "छान वाटलं."

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्या बाजूचं दार उघडलं. "सांभाळून उतरा," तो म्हणाला.

उतरा. मला खटकलं, पण आसपास क्लबातली माणसं होती, म्हणून असेल असं वाटलं. त्या संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एक निरोप आला, तुमच्या मदतीबद्दल मनापासून आभार. मी तो इतक्या वेळा वाचला की त्यातलं 'मनापासून' पार झिजून गेलं. काय चुकलं असेल? मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. काम झालं, परवाना मिळाला, आता कानवालीची गरज काय... असंही मनात येऊन गेलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"भांडलात?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग भांडा. दोघं दोन घरांत तोंड बंद करून बसण्यापेक्षा बरं."

आणि मग कॅप्टनबाई आल्या, वैमानिकांना दरवर्षी करावी लागते त्या कानतपासणीला. काचेच्या खोलीत बसल्या, हेडफोन लावले आणि बटण दाबायचं सोडून बोलू लागल्या.

"नाही म्हणायचा तुला हक्क आहे, कानवाले. पण तोंडाने म्हणावं. नुसतं समोर बघत बसायचं? पोरगं आठवडाभर सुतकात असल्यासारखं उडतंय. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोललं."

"कशाला नाही म्हणाले मी?"

"त्याने वर असताना विचारलं ना तुला."

माझा हात यंत्रावरच राहिला. "काय विचारलं?"

बाईंनी काचेतून माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. इतकं, की त्यांनी डोळे पुसले.

"तपासणी राहू दे," त्या म्हणाल्या. "माझे कान कुठे पळून जात नाहीत. तू जा. तो हँगरमध्ये आहे. आणि थांब, मीच सोडते तुला, रिक्षा शोधत बसशील."

हँगरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो विमानाची पुढची काच पुसत होता. मला बघून थांबला, मग पुन्हा पुसू लागला.

"मला ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

"काय?"

"तू विमानात जे विचारलंस ते."

"तुमचे कान..."

"माझे कान उत्तम आहेत. मी स्वतः तपासलेत." आता थांबायचं नव्हतं. "मला भीती वाटत होती. खूप. समोरच्या पॅनेलवर एक स्क्रू आहे, माझ्या बाजूचा. त्याचा काळा रंग अर्धा उडालाय आणि खाच तिरकी आहे. सबंध वेळ मला तेवढंच दिसत होतं. नदी दाखवणार होतास ना, ती दिसली नाही. तू दिसला नाहीस. छान वाटलं म्हणाले, ते खोटं होतं."

तो पंखावर चढला, दार उघडून आत वाकला आणि थोड्या वेळाने खाली उतरला.

"तिरकीच आहे खाच," तो म्हणाला.

"मग. पुन्हा का नाही विचारलंस?"

"मला वाटलं, तू उत्तर दिलं असशील." तो फडक्याकडे बघत होता. "आणि मलाच ऐकू आलं नसेल. माझा काय भरवसा? विचारताना माझे खांदे कुठे होते, मलाच आठवत नाही. मग वाटलं, हो म्हणाली असती तर उतरल्यावर काही बोलली असती. म्हणजे नाहीच असणार. आणि नाही दुसऱ्यांदा ऐकायचं म्हणजे..."

पाऊस थोडा वाढला. इतके दिवस आम्ही दोघं त्या एका गोष्टीची उस्तवार करत होतो आणि तिनेच आम्हाला मधोमध गाठलं होतं. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

"आता विचार," मी म्हटलं.

"इथे?"

"इथे काही हलत नाहीये."

त्याने फडकं हातावर गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. लांब श्वास सोडला.

"माझ्याशी लग्न करशील का?" तो म्हणाला. "विमानात बसावंच लागेल असं नाही. हे दुसरं वाक्य त्या दिवशी नव्हतं. आत्ता घातलंय."

"हो," मी म्हटलं. तो तसाच उभा होता, म्हणून मी जवळ गेले. "हो म्हणतेय मी. आणि विमानातही बसेन. पण सकाळी, वारा नसताना. नदी राहिलीय बघायची."

"ऐकलं," तो हळूच म्हणाला. "दोन्ही वेळा."

"मीही ऐकलं," विमानाच्या शेपटीमागून कॅप्टनबाईंचा आवाज आला. "आता ती काच कोरडी करा. पाऊस थांबला की हे विमान मला लागणार आहे."

त्याने फडक्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि बराच वेळ आम्ही दोघं काचेवरची एकच जागा पुसत राहिलो.